आठवी कुठे झाली?

बोर्डवरच्या मार्करचं टोपण काढलं, की त्या उग्र वासासरशी आमच्या, तमिळ मुलखातल्या तांबरमच्या शाळेतली ती मुलगी आठवते. वडिलांची हवाई दलात बदली झाली म्हणून नववीत नागपूरहून आलेली. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. या राज्यातल्या पशुवैद्यकीय कॉलेजांच्या जागा आठवीपासून इथे शिकलेल्यांना, महाराष्ट्रातल्या तिथून दहावी-बारावी केलेल्यांना, उरल्या देशभरासाठीच्या मूठभर, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. वडील म्हणाले, "तोवर नियम बदलतील, मॅडम. तुम्ही चार वर्षांचं प्लॅनिंग करून द्या." मी बोर्डभर लिहून दिलं. तिने त्यातलं काहीच सोडलं नाही. गुरंवाल्यांशी बोलता यावं म्हणून तमिळही शिकली. बारावीला छान मार्क पडले, पण नियम तसेच राहिले आणि मूठभर जागा तिच्या आधीच भरल्या. वडील माझ्यासमोर मान खाली घालून बसले होते. त्यांना कळू नये म्हणून ती तमिळमध्ये म्हणाली, "असू द्या मिस, मला पहिल्यापासून ठाऊक होतं." आज तिच्यासारखीच गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणणारी नववीतली एक नवी मुलगी समोर बसली आहे. मी विचारलं, "आठवी कुठे झाली?" "पुण्याला," ती हसून म्हणाली, आणि मी मार्करचं टोपण काढलं.