मासे नदीचे, मुक्काम आमच्या मोरीत

काही घरांत लोणची मुरतात, आमच्या घरात किस्से मुरले. त्यातही माशांचे जास्त. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा वर येतो!

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत होतो. आमचे हे कारखान्यात फिटर. त्यांचे दोन जिवलग दोस्त, उसाचा ट्रक चालवणारे सुभानभाई आणि लॅबमधले केमिस्ट गोरे. तिघांना एकच वेड. सुट्टी मिळाली की गोदावरीवर गळ टाकून बसायचं.

मरळ मासा पकडायचा तर गळाला जिवंत बारका मासाच लावला पाहिजे, असं तिघांचं ठाम मत. आता हे बारके मासे आठवडाभर जगवायचे कुठं? तर आमच्या मोरीतल्या मातीच्या रांजणात! कारण काय, तर मोरी मोठी आमचीच!

* * *

एकदा माझे सासरे मिरजगावहून आले. एस्टीची धूळ अंगावर, त्यामुळे थेट आंघोळीला गेले. मोरीत अंधार. रांजण भरलेला दिसला, त्यांनी तांब्या बुडवला आणि डोक्यावर ओतला.

आतून आरोळी, "सूनबाय! ह्ये पानी उड्या मारतंय गं!"

हे धावत आत गेले. सासऱ्यांना वाटलं, पोरगा आपल्याला सावरायला आला. पण हे खाली बसून मासे वेचायला लागले!

सासरे ओल्या पंच्यानिशी कुडकुडत म्हणाले, "आरं, आधी बापाकडं बघ!"

हे मान वर न करता म्हणाले, "आप्पा, तुमी पान्याबाहेर जगता!"

* * *

पुढं एकदा कॉलनीत जुलाबाची साथ आली. पाण्याच्या टाकीत जंतू मारायची पावडर भरपूर टाकली गेली. मला काय माहीत! मी रोजच्यासारखं नळाचं पाणी रांजणात ओतलं. दुपारपर्यंत सगळे मासे पोट वर करून तरंगायला लागले.

संध्याकाळी तिघं दोस्त आमच्या पायरीवर मान खाली घालून बसले. शेजारच्या काकू पदर सावरत लगबगीनं आल्या. सुभानभाईंना हळूच म्हणाल्या, "कोण गेलं हो?"

सुभानभाईंनी सुस्कारा सोडला, "सगळेच गेले, काकू!"

काकूंनी असा गळा काढला की अर्धी कॉलनी गोळा झाली!

तेव्हापासून नळाचं पाणी दिवसभर उघड्यावर ठेवायचं आणि मगच रांजणात घालायचं, तेही थोडं काढून थोडं, असा गोऱ्यांनी हुकूम काढला. काकू मात्र महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

* * *

मग प्रश्न आला हवेचा. उन्हाळ्यात मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. सुभानभाईंनी ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब आणली. तिला रबरी नळी जोडली, नळीचं टोक रांजणात. ट्यूबमध्ये हवा भरली की रांजणात हळूहळू बुडबुडे. झकास!

ट्यूब बाहेरच्या खोलीत असायची. दिसायला वाईट नको म्हणून मी तिच्यावर सतरंजी टाकली. तेवढ्यात माझे थोरले भाऊ आले. दादा अंगानं भरभक्कम. बसायला मऊ काय दिसतंय म्हणून टेकले की!

मोरीत एकच गडगडाट! रांजणाला उकळी फुटल्यासारखं झालं. दादा घाबरून उठायला लागले. पण सुभानभाई मोरीत डोकावून आले होते. मासे असे तरतरीत त्यांनी कधी पाहिलेच नव्हते!

त्यांनी दादांचे खांदे धरून परत खाली दाबलं, "पाव्हनं, जरा हलकं बसा. पन बसा!"

* * *

बहात्तरला दुष्काळ पडला. नदीत डबकी उरली, कॉलनीत टँकर आला. मी स्पष्ट सांगितलं, "माणसांना घोटभर पाणी मिळेना. ह्या घरात आता माशांना पाणी नाही."

ह्यांनी उरलेले मासे डब्यातून नेले आणि गुपचूप कारखान्याच्या हौदात सोडले. मशिनरीचं पाणी थंड करायचा तो मोठा हौद. मासे मजेत राहिले.

एके दिवशी मोठे साहेब राउंडला आले. "हे काय? हौदात मासे?"

गोरे घाबरले, पण डोकं चाललं. "सर, पाण्याची टेस्ट आहे. मासे जिवंत म्हणजे पाणी चांगलं!"

"व्हेरी गुड!" साहेब खूश. तिथल्या तिथं त्यांनी वॉचमनला बोलावलं, "आजपासून ह्या माशांना कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे!"

* * *

दुष्काळ सरला, नदीला पाणी आलं, रांजण पुन्हा भरला. पण ह्या वेळी मासे कमी व्हायला लागले. मेलेला एकही सापडेना. तोंडावर फळी, वर दगड, म्हणजे मांजरही नाही.

एक दिवस सुभानभाई बोलून गेले, "फिटर, आमच्या मागारी एकटाच नदीवर जातोस व्हय?"

ह्यांना ते फार लागलं. बोलणं बंद झालं. सुभानभाईंचा ट्रक आमच्या दारावरून हॉर्न न देता जायला लागला. हे जेवायला बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे. मलाच बघवेना.

शेवटी गोऱ्यांनी दोघांना मोरीपाशी उभं केलं. "सगळ्यांसमोर रांजण रिकामा करू." नवऱ्याला घरी न्यायला गोरेवहिनी आल्या होत्या. लसूणसुद्धा न खाणारी बाई, नाकाला पदर लावून दारातच उभी.

पाणी तळाला गेलं. गाळातून काहीतरी सपकन हललं. ह्यांनी दोन्ही हातांनी धरून वर काढली. मरळ! मनगटाएवढी जाड! बारक्या माशांबरोबर कधीतरी तिचं पिल्लू आलं होतं आणि सोबत्यांना खाऊन आत वाढलं होतं.

सुभानभाई मटकन खाली बसले. "फिटर, मी गाढव हाय." ह्यांनी ओल्याच हातानं त्यांच्या पाठीत एक धपका घातला. दोघांचेही डोळे भरून आले होते.

गोरे गहिवरून म्हणाले, "आपल्याच घरात वाढलेली पोर ही. नदीत सोडून येऊ." तिघांनीही गंभीरपणे माना हलवल्या.

गोरेवहिनींनी नाकावरचा पदर खाली घेतला. दोन पावलं आत आल्या, मरळीकडं नीट वाकून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "रस्सा पातळ करता, की दाटसर?"