उभी आख्याने

दावीदभाऊंची आणि माझी शेवटची भेट श्रीरामपुरात, त्यांच्याच घरी झाली. ते माझ्या पत्नीचे थोरले बंधू, ख्रिस्ती कीर्तनकार. आणि मी उमेदीची सारी वर्षे त्यांच्यामागे झांज घेऊन उभा राहिलेला साथीदार. दम्याने ते खाटेला खिळले होते. कुशीवर वळून त्यांनी विचारले, "दाजी, तुमच्याकडं उभी किती हायेत?"

'उभी' हा आमच्यातला शब्द. नुसते ऐकलेले, ओळखीचे वाटणारे आख्यान त्यात धरायचे नाही. उद्या कोणी बोलावले तर लोकांपुढे आरंभापासून शेवटापर्यंत म्हणता येईल, तेच उभे. बाकीची 'निजलेली'. सुगी संपली की भाऊ एकेक आख्यान म्हणून पाहत आणि अडखळले की स्वतःच सांगत, "हे निजलं. उठवाया पायजे." लिहून त्यांनी काहीच ठेवले नाही.

मी म्हणालो, "सगळी उभी आहेत."

"मग एकदा म्हनून बघू की."

"आता नको. तुम्हाला दम लागेल."

त्या काळजीत थोडा आळस होता… आणि थोडी भीतीही, हे आता कळते.

गेल्या दुष्काळात खडी फोडून दमलेल्या माणसांपुढे आम्ही कीर्तने केली. भाऊ माझी ओळख करून देत, "हे आमचे दाजी. गाडीखालचा कंदील. वाट बैलांनी काढायची, उजेड यांचा." माणसे हसत, मीही हसे. भाऊ चरण म्हणत. त्याचे शेवटचे शब्द उचलून मी ते घोळवीत असे. असा प्रत्येक चरण माझ्या तोंडून गेला. त्यामुळे सारे आपलेच आहे, असे मी धरून चाललो.

भाऊ गेल्यानंतरच्या प्रार्थनासभेत घोडेगावकडचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "दाजी, हरवल्या मेंढराचं होऊ द्या. भाऊंचं समदं तुमच्यापाशीच हाय." मी उठलो. झांज वाजवली. "…सांज उतरली रानी" एवढेच ओठांवर आले. त्याच्या आधी काय होते? पुन्हा झांज वाजवली, पुन्हा तेच. माझ्याजवळ साऱ्या आख्यानांची शेपटे होती, तोंड एकाचेही नव्हते. लोकांना वाटले, मला हुंदका आला. कोणीतरी हाताला धरून बसवले, पाणी दिले. मी तो गैरसमज राहू दिला.

हल्ली सायंकाळी मी त्यांच्या खोलीत जातो. खाट काढली आहे. सरावाला ते उभे राहत ती खिडकीजवळची जागा मोकळी आहे. मी तिच्यामागे, माझ्या नेहमीच्या ठिकाणी, झांज घेऊन उभा राहतो. पुढे सरकलो की शेपटेही आठवत नाहीत. परवा वहिनींनी दारातून विचारले, "दाजी, किती उभी राहिली?"

"एकही नाही, वहिनी."

हेच उत्तर खाटेपाशी दिले असते तर… आधीचा अर्धा चरण सांगण्याइतका दम तेव्हा भाऊंच्यात होता.