कडी हलवून बघणाऱ्या डॉक्टरीणबाई

डॉ. वत्सला लांजेकर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला भामटा समजलं होतं. गौरवग्रंथात असं लिहू नये, असं समितीतले गुरुजी म्हणाले. पण बाईंना गुळमुळीत लिहिलेलं चालत नाही, म्हणून लिहितो.

मी तेव्हा एका ठेकेदाराकडे होतो. सरकारच्या आरोग्य योजनेची कार्डं काढायची, लोकांचे अंगठे यंत्रावर घ्यायचे आणि पुढचं गाव गाठायचं. त्याआधी आंजर्ल्याला पर्यटकांच्या होडीवर होतो, त्याआधी चिपळुणात टायरच्या दुकानात. पुरात ते दुकानच बुडालं, पण तो विषय वेगळा. तर पूर्णगडच्या अलीकडे, खाडीकाठच्या या गावात मी देवळाच्या सभामंडपात यंत्र मांडलं. रांगेतून एक सुती साडीतल्या बाई पुढे आल्या, अंगठा पदरात गुंडाळून घेतला आणि विचारलं, "कुठचा रे तू? आणि हा अंगठा जातो कुठे?"

"दिल्लीला," मी म्हणालो.

"आणि माणूस आजारी पडला, की तो कुठे जातो?"

मी यंत्रात पाहून सांगितलं, रत्नागिरी, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. "म्हणजे अंगठा आधी पोचणार, माणूस मागाहून," असं म्हणून त्या घरी गेल्या. मागून कोणीतरी सांगितलं, इथल्या आरोग्य केंद्रात यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावरही गाव सोडून गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी खाडीत उतरलो आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी तळपाय फाडला. बाईंनीच तो धुतला, बांधला. धनुर्वाताचं इंजेक्शन नुकतंच घेतलंय म्हटलं, तर दंड उघडायला लावला. ते खरंच घेतलं होतं, तरी पटेना. शेवटी मला त्यांच्याच ओटीवर पेज आणि सुकटीची चटणी मिळाली. बाईंचा संशय आणि माया एकाच ताटात येतात, हे तेव्हा कळलं. पाय बरा होईपर्यंत तिथेच राहिलो. ठेकेदाराचं यंत्र परत पाठवलं आणि बाईंना रुग्णांकडे नेण्यासाठी गावातली रिक्षा चालवू लागलो.

बाई योजनेच्या विरोधात आहेत, असं काही पुढारी सांगत फिरतात. ते खरं नाही. खारवीवाड्यातल्या शेवंतीच्या सासऱ्यांची हृदयाची शस्त्रक्रिया या कार्डावरच झाली आणि रुग्णवाहिकेत बाईच त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की सरकारच्या तिजोरीला काही नवी पालवी फुटलेली नाही. "एका हाताने देतात ना, तेव्हा दुसऱ्या हाताकडे बघायचं," असं त्या मला रिक्षात सांगत.

तो दुसरा हात एका सकाळी दिसला. आरोग्य केंद्रातलं बाळंतपणाचं टेबल टेम्पोत चढवत होते. दुरुस्तीला नेतोय म्हणाले. बाईंनी टेबल हलवून बघितलं. कुठे करकरलंसुद्धा नाही. कुठच्या गावी दुरुस्त होतं, हे टेम्पोवाल्याला सांगता येईना. मग परिचारिकेने हळूच सांगितलं, की आता सगळ्यांकडे कार्डं आहेत, तेव्हा बाळंतपणं शहरात पाठवायची आणि ही खोली बंद करायची, असं वरून ठरतंय. शेवंतीला तेव्हा नववा लागला होता. आमचा रस्ता पावसात कसा असतो ते मी जाणतो, रिक्षा मीच चालवतो.

त्याच आठवड्यात भाऊ, म्हणजे आमच्या भागातले पुढारी, देवळात कार्डं वाटायला आले. हार, भाषण, फोटो झाले. बाई निवेदन देतील असं भाऊंना वाटलं असावं, ते हसून तयारीतच होते. पण बाई तात्या मानकऱ्यांच्या कानाशी काहीतरी बोलून खाली बसल्या. आपल्याकडे कार्यक्रम गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागितल्याशिवाय, संपत नाही आणि ते घालायचा मान तात्यांचा. तात्या देवासमोर उभे राहिले, नारळ हातात घेतला.

"हे बा म्हाराजा, आज ही कार्डा वाटलीव, ती गोरगरिबाच्या कामास येव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा मंडप म्हणाला. भाऊही हात जोडून म्हणाले.

"आनी आमच्या दवाखान्यातली बाळंतपनाची खोली बंद होव देव नको, न्हेलेला टेबल परत येव दे, ज्येच्या हातात हाय त्येना ह्या करून देवचा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

यात सगळ्यात खणखणीत आवाज भाऊंचा होता. जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं. मग त्यांनी डोळे उघडले. शेवंतीची सासू म्हणाली, "भाऊ, देवाम्होरं बोल्लाव हां."

निवेदन फायलीत ठेवता येतं, देवासमोरचा शब्द कुठे ठेवणार? टेबल परत आलं, एक खिळाही न बदलता. शेवंतीची मुलगी त्याच टेबलावर झाली. बाळाला हातात घेतल्यावर बाईंनी आधी त्याच्या श्वासाकडे पाहिलं आणि मग खोलीच्या दाराकडे.

त्यांचा विश्वास मात्र अजून बसलेला नाही. रोज सकाळी त्या केंद्रात जातात आणि त्या खोलीची कडी हलवून बघतात. मी एकदा म्हटलं, बाई, आता उघडीच असते ती. "आज आहे," त्या म्हणाल्या.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. या ग्रंथात सगळेच त्यांना दीर्घायुष्य चिंततील. माझ्या चिंतण्यात स्वार्थ आहे, कारण ती कडी हलवायला दुसरं कोणी जाईल, याची मला खात्री नाही. म्हणून, हे बा म्हाराजा, आमच्या बाईंचे गुडघे धड ठेव, नजर अशीच तिखट ठेव, त्यांना शंभरी दाखव. आणि त्या नसतील त्या सकाळी ती कडी आमच्यापैकी कोणीतरी हलवून बघू दे.

आता मनातल्या मनात नको. वाचणाऱ्याने मोठ्याने म्हणावं. बाई ऐकतायत.