आप्पांसाठी सोडलेली जागा

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही. बी.कॉम.चे पेपर मी लिहिले. यल्लम्मानं एकही उत्तर सांगितलं नाही. पण आप्पांनी नवस बोलून ठेवला होता : पोरगी पास झाली की सौंदत्तीच्या डोंगराला चालत येईन. निकाल लागला आणि पाऊस उघडायच्या आत आप्पाच गेले.

तेव्हापासून आई दाराला कडी लावेना. नवस अंगावर घेऊन गेलेला माणूस उंबऱ्यापाशी घोटाळतो, म्हणायची. रात्री भिंतीला टेकून बसायची. वाऱ्यानं दार हललं की हळूच विचारायची, "आलासा व्हय?" डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, तिच्या बहिणीकडं चार दिवस राहून झालं. शेवटी मीच म्हटलं, चालते मी. देवीसाठी नाही, आईला झोप लागावी म्हणून.

आमच्या मच्छे गावातून पहाटे रांग निघाली. सगळे अनवाणी, कपाळाला भंडारा. पुढं परडी घेतलेल्या आक्का, आमच्याच गल्लीतल्या. त्यांनी मला मधे उभं केलं आणि माझ्यापुढं एका माणसाची जागा मोकळी सोडली. आमच्याकडं तशी रीत आहे. नवस राहिलेला माणूस पुढं चालतो, फेडणारा त्याच्या मागं.

"त्यास्नी वलांडून जायाचं न्हाय," आक्का म्हणाल्या. "जागा बुजवायची न्हाय. समजलं काय, कॉलेजवाली?"

"समजलं," मी म्हटलं. मनात म्हटलं, रिकाम्या हवेच्या मागं चालायला डिग्री लागत नाही.

उद्यमबागेतल्या कारखान्यांपाशी उजाडलं. पहिल्या पाळीची माणसं मोटारसायकलींवरून येत होती. जळक्या वाळूचा तो वास आला, आप्पांच्या शर्टाला यायचा तोच. त्यांची फौंड्री याच रस्त्याला. साच्याची पेटी त्यांच्या उजव्या गुडघ्यावर पडली होती ती इथंच. गेटासमोर एका पोरानं माझ्यापुढच्या मोकळ्या जागेतून गाडी घातली.

"डोळं फुटलं व्हय रं?" आक्का कडाडल्या. "माणूस हाय तिथं!"

"कुठं हाय?" पोरगा म्हणाला. मग भंडाऱ्याची कपाळं बघून त्यानं गाडी बंद केली, ढकलत मागं घेतली आणि आमच्या शेवटाला वळसा घालून गेला.

मी हसणार होते. तेवढ्यात ध्यानात आलं की पहाटेपासून मी रस्त्याकडं बघतच नव्हते. माझी नजर एका ठरावीक उंचीवर धरलेली होती, पुढं चालणाऱ्या उंच माणसाच्या मानेवर असावी तशी.

बेळगाव मागं पडलं. सांबऱ्याला कुणीतरी ताक दिलं. आक्कांनी आधी एक पेला त्या जागेत मातीवर ओतला, मग मला दिला. माती चटकन कोरडी झाली. ऊन होतंच म्हणा.

दुपारनंतर माझ्या मागं चालणारे शेजारचे अण्णा ओरडले, "अगं ए, रांग तुटली बघ! पायात काटा गेला काय?"

"न्हाय."

"मग लंगडतीस कशापायी?"

मी थांबले. खरंच माझा उजवा पाय ओढत होता. दुखत काहीच नव्हतं. पुढची माणसं पार लांब गेली होती, आणि मधल्या त्या मोकळ्या रस्त्यावर माझं पाऊल पडतच नव्हतं. भरभर चालले असते तर मी आप्पांना ओलांडलं असतं.

पुढं आक्का मागं न बघताच थांबल्या. "येऊ द्या त्यास्नी," म्हणाल्या. अण्णांनीही मग पाऊल आवरलं.

सुळेभावीला देवळाच्या ओवरीत मुक्काम पडला. दिवेलागणीला आईला फोन लावला.

"चालतात काय गं ते?" तिनं तेवढंच विचारलं.

न मानणारी मी. तरी खोटं बोलतेय असं वाटलं नाही. "चालतात. पण लई सावकाश."

"गुडघा हाय न्हवं त्यांचा," आई म्हणाली. "ओढत नेऊ नगंस."

मग फोन तिच्या हातातच राहिला असावा. पावलं ऐकू आली, दार ओढल्याचा आवाज आला, आणि लोखंडी कडी लागली. किती महिन्यांनी ऐकला तो आवाज.

म्हणजे आता घराचं दार बंद होतं, आणि आप्पा बाहेर, माझ्याकडं. मी चादर पसरली आणि भिंतीकडच्या अंगाला, आप्पांना उजवा पाय लांब करता येईल एवढी जागा सोडून, कडेला आडवी झाले.