दत्तक लेकीचा अर्ज

दिल्लीत बसून कायदे करणाऱ्या मंडळींना ठाऊक असो वा नसो, पण त्या काळी देशाचा निम्मा कारभार चिंचवडगावातल्या एका ओसरीवरून चालत असे, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. ती ओसरी आमच्या घरमालकांची. गावातल्या शाळेत मी नव्याने रुजू झालो आणि त्यांच्याकडे एक खोली भाड्याने घेतली, तेव्हा सामान लावून होण्याआधीच त्यांनी माझे अक्षर पाहायला मागितले. भाडेकरू पारखण्याची या बाजूची ही रीत असावी, असे समजून मी निमूटपणे चार ओळी लिहून दाखवल्या. अक्षर पसंत पडले. "मास्तर, एक अर्ज लिवायचाय," ते म्हणाले. आणि त्यानंतर कित्येक वर्षे मी तो एकच अर्ज पुन्हा पुन्हा लिहीत राहिलो.

अर्जातली मागणी साधी होती. घरमालकांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या पत्नीची धाकटी बहीण विधवा होऊन कडेवरच्या मुलीसह त्यांच्याच घरी राहायला आली होती. ती मुलगी, सुमन, याच अंगणात रांगली, याच अंगणात धावू लागली, आणि घरमालकांना ती दत्तक हवी होती. अडचण एवढीच, की हिंदूंना त्या वेळी दत्तक घेता येई तो मुलगाच. भटजींनी पोथी उघडून, मिटून, पुन्हा उघडून सांगितले, की मुलीसाठी असा विधीच नाही. घरमालकांनी शांतपणे विचारले, "पोथी लिवणाऱ्याला लेकी न्हवत्या का?" भटजींना स्वतःला तीन लेकी होत्या. ते दक्षिणा न घेताच उठले.

शेजाऱ्याच्या सुटलेल्या बैलाकडे पाहावे, तसे घरमालक कायद्याकडे पाहत. तो आपल्या रानात शिरला असेल, तर मालकाला गाठून चार शब्द सुनवायला हवेत, मालक मग दिल्लीचा का असेना. त्यांच्या कोटाच्या एका खिशात तंबाखू आणि दुसऱ्यात अर्जाखाली लोकांचे अंगठे घ्यायला शाईची गादी असे, आणि बोलण्याच्या भरात बोटे कधी चुकीच्या खिशात जात. त्यामुळे त्यांचे दात अधूनमधून निळे दिसत. लग्नकार्याला ते आधी अर्ज पुढे करत, मग आहेर. आकुर्डीच्या एका लग्नात त्यांनी पंगत बसण्यापूर्वीच सगळ्या वऱ्हाडाचे अंगठे उमटवून घेतले, आणि त्या दिवशीच्या प्रत्येक बुंदीच्या लाडवावर एकेक निळा ठसा उमटला होता. दिघीच्या लष्करी हद्दीत ते असेच शिरले. पहाऱ्यावरच्या शिपायाने त्यांना धरले, अर्ज उलटसुलट करून पाहिला, आणि त्यातले एक अक्षर न कळताही, आपल्याला गावाकडे दोन मुली आहेत असे हिंदीत सांगून सही केली. चाकणच्या आठवडी बाजारात ते एका रिकाम्या बैलगाडीवर चढून बोलू लागले, तर गर्दीत मागे उभ्या असलेल्या एका व्यापाऱ्याला कांद्याचा लिलाव पुकारला जातोय असे वाटले आणि त्याने भाव बोलून टाकला. घरमालकांनी त्याला खाली उतरून अंगठा मागितला. तोही मिळाला. मी हे सारे बाजूला उभा राहून पाहत असे. कुणी ओळखीचे भेटले, तर मी केवळ कांदे घ्यायला आलो आहे असा चेहरा करत असे.

खरा विरोध होता तो त्यांच्या तळवड्याच्या चुलतभावाचा. पिंपरीला कारखान्यांच्या पायाभरण्या सुरू झाल्या होत्या, आणि जिथे कालपर्यंत नुसती बाजरी होत असे, त्या जमिनीकडे लोक टक लावून पाहू लागले होते. हा चुलतभाऊ दर दिवाळीला आपल्या धाकट्या मुलाला न्हाऊमाखू घालून, डोक्यावर तेल थापून घेऊन येई आणि ओसरीवर असा बसवी, की जणू दुकानात मांडलेला माल. घरमालक पोराला करंज्या देत, त्याच्याशी गोट्या खेळत आणि संध्याकाळी परत पाठवत. एका दिवाळीला चुलतभाऊ चिडून म्हणाला, "दादा, पोरगी परक्याची. लगीन झालं की जाईल. मग तुमच्या मागं दिवा कोन लावंल?"

"मी मेल्यावर मला उजेड काय करायचाय?" घरमालक म्हणाले. आणि ही बोलाचाली चालली असताना त्या चुलतभावाची बायको स्वयंपाकघरात गुपचूप अर्जावर अंगठा देत होती. तिला चार मुली होत्या.

पुण्याच्या एका वकिलांनी घरमालकांना एकदा सोपा मार्ग सुचवला होता: एवढी यातायात कशाला, मुलीच्या नावे मृत्युपत्र करा. घरमालक पागोटे सावरत बोलले, "मृत्युपत्रानं जमीन मिळंल, सायेब. बाप कसा मिळंल?" त्यानंतर वकिलांनी त्यांच्याकडून फी घेतल्याचे मला आठवत नाही.

छप्पन साल सरता सरता कायदा झाला. मुलगीही दत्तक घेता येईल, असे मी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचले, तेव्हा घरमालकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतले आणि मग अख्ख्या आळीला गूळ वाटला. आपल्याच अर्जाने हे घडले, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती, आणि ती निर्माण करण्याचे धैर्य मला नव्हते. घाई मात्र करायला हवी होती. नव्या कायद्याप्रमाणे मूल पंधराच्या आतले लागे, आणि सुमनला पंधरा पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते. पौषात शुभकार्य नको म्हणणाऱ्या भटजींना त्यांनी सांगितले, की पौष पुढल्या वर्षीही येईल.

आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. मुलीला तिच्या आईने स्वतः, सर्वांदेखत द्यावे लागेल. आणि एकदा दिली, की जन्मदात्या आईशी तिचे कायद्याने नाते राहणार नाही. परतीच्या गाडीत शेजारच्या प्रवाशाने आपण होऊन विचारपूस केली, तरी कोटाच्या खिशाकडे घरमालकांचा हात गेला नाही.

घरी आल्यावर ते ओसरीच्या खांबाशी बसले आणि माझ्याकडे पाहू लागले. वकिलांनी सांगितले ते मलाच बोलावे लागले. सुमनची आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला कवाच ठावं हाय," ती म्हणाली. "दाजी, सारा मुलूख पालथा घातलात अंगठ्यांपायी. माझ्याम्होरं कदी आला न्हाई. मी म्हनलं, इचारायला भ्याताय."

घरमालकांनी मान खाली घातली. त्यांच्या पत्नी चुलीपुढून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"देते मी," ती सूप बाजूला ठेवत म्हणाली. "तुमच्या हातनं तिचं कन्यादान व्हावं, माझ्याबी मनात हायच. फकस्त येवढं इचारून या त्या वकिलाला. पोरीनं आई म्हनून हाक मारली, तर म्या ओ द्यायची का न्हाई?"

वकिलांना विचारायला कोणी गेले नाही. पौषातच विधी झाला. तिने मुलीचा हात बहिणीच्या आणि दाजींच्या हातात दिला, "दिली" म्हणाली, आणि जमलेल्या लोकांच्या जेवणाचे पाहायला आत गेली. चुलतभाऊ आला होता, जेवलाही भरपूर.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी आलो, तो ओसरीवर कोरा कागद आणि दौत मांडून ठेवलेली. "लिवा मास्तर," घरमालक म्हणाले. नवी मागणी अशी, की दत्तक दिलेल्या लेकीला दोन आया असाव्यात आणि तसा कायदा सरकारने करावा. असा कायदा कुठेच नसतो, हे मी अडखळत सांगितले. त्यांनी ते समजूतदारपणे ऐकून घेतले आणि मजकूर सांगू लागले. तेवढ्यात सुमन दप्तर घेऊन अंगणात आली आणि रोजच्यासारखी ओरडली, "आई!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. दोघी बहिणी घरात होत्या, पण कोणीच ओ दिली नाही. थोरली धाकटीसाठी थांबली असावी आणि धाकटी थोरलीसाठी. सुमनने पुन्हा हाक मारली. मी टाक हातात धरून बसलो होतो. घरमालकांनी दाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग घसा खाकरून, अगदी हळू, तेच म्हणाले, "ओ."