राजाची उडी

मी आज जिथं आहे तिथं रहीमचाचांमुळे आहे. डोणगावात स्टँडसमोर त्यांचं शिलाईचं दुकान. मी पुण्याला निघालो तेव्हा बाबांसोबत तेही गाडीपर्यंत आले. चाचा खिडकीशी येऊन म्हणाले, "बेटा, कोनी ओयखीचं नसन तं खेयाले बसजो. ओयख होते."

बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं, कापड बेतायच्या टेबलावर खडूनं पट आखून.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. पुण्यात नोकरी लागली, पण तोंड उघडलं की माझ्या बोलीवर ऑफिसात हशा पिकायचा. मी बोलणंच सोडलं. तीन महिन्यांनी राजीनामा लिहिला. सोमवारी द्यायचा होता. रविवारी सकाळी चाचांचा शब्द म्हणून बागेतल्या कट्ट्यावर खेळायला बसलो.

डाव रंगला आणि मी राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला. समोरचा निखिल हसत म्हणाला, "हा काय नियम?"

"आमच्याकडं राजाले एकदा उडी असते," मी बोलून गेलो आणि शरमेनं उठलो.

शेजारी बसलेल्या सुमतीताई, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, "बस रे. माझे वडील असंच खेळायचे. किती वर्षांनी पाहिली ही उडी!"

त्या दिवशी सगळ्या कट्ट्यानं माझ्याकडून देशी डाव शिकून घेतला. मग ताई मला पक्षी दाखवायला टेकडीवर नेऊ लागल्या. निखिलच्या गच्चीवरची वांगी किडली, तेव्हा गावाकडचा म्हणून त्यानं मलाच बोलावलं. आता तो मला माझ्याच बोलीत "काऊन बे, उशीर?" असं दरडावतो. एवढ्या मोठ्या शहरात कोणीतरी माझी वाट पाहतं, याचं मला अजून नवल वाटतं.

हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून चाचांना पत्र लिहिलं:

"चाचा, सलाम. राजीनामा फाडून टाकला. मी इथंच राह्यतो. परवा ताईनं सांगतलं का उडीच्या आधी राजाले शह बसला तं उडी जाते. मले हे माहीतच नव्हतं. म्हंजे इतक्या वर्षांत माही उडी होयेपर्यंत तुम्ही मले कधी शह देल्लाच नाही. दिवाळीले निखिलले घेऊन येतो. त्याले गावात कोनी ओयखत नाही. त्यालेबी शह द्याची घाई करू नका."