खाटेखालचा पाला

संशोधन केंद्रातले लोक तिला पाठीमागे 'पालाबाई' म्हणत आणि तोंडावर 'मॅडम'. निवृत्त झाल्यावर तोंडावरही पालाबाई म्हणू लागले, तेव्हा तिला उगाचच बढती मिळाल्यासारखं वाटलं.

झाडपाल्यात मेंदूवर काम करणारी रसायनं शोधणं, हा तिचा उभ्या आयुष्याचा उद्योग. 'उद्योग' हा शब्द आईचा. आई शेजारणींना सांगायची, "आमची ताई उंदरांना झोपवते. घरात मात्र कुणाला झोपू देत नाही."

यातलं पहिलं वाक्य शास्त्राला धरून होतं. टेकडीवरच्या एका खुरट्या झुडपाच्या पानांचा अर्क उंदराला आधी पाजला, की झोपेच्या औषधाने तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ झोपतो, असं तिला पीएच.डी. करताना आढळलं होतं. उंदीर उताणा ठेवायचा आणि तो आपणहून पालथा होईपर्यंत घड्याळ लावून बसायचं. बरोबरीच्या मैत्रिणी सिनेमाला जात, ही उताण्या उंदरांकडे टक लावून बसे. "मुलगा बघायला आला की हे सांगू नकोस," अशी आईची ताकीद होती. तिने सांगितलंच. मुलगा पोट धरून हसला आणि पुढे नवरा झाला.

केंद्रातला ओव्हन ती रुजू व्हायच्या आधीपासून बिघडलेला. म्हणून पानं घरी आणून ती आईच्या खाटेखाली जुन्या चादरीवर वाळत घाली. आई कुरकुरे, "खाली जंगल, वर मी. उद्या वाघही आण."

मग नवा ओव्हन आला. चकचकीत, लाल आकडे दाखवणारा. तिचे मार्गदर्शक सर त्याच्याकडे नव्या जावयाकडे पाहावं तसे पाहत. म्हणाले, "आता खाटेखालचं विज्ञान बंद."

पाला झटपट कुरकुरीत होऊ लागला. आणि घमघमाट तर असा, की हिशेब खात्यातले कारकून फायली घेऊन थेट ओव्हनशेजारी बसायला येऊ लागले. "काय प्रसन्न वाटतं हो तुमच्याकडे," ते म्हणत आणि पेंगत.

फक्त उंदीर झोपेनात. पहिल्याइतकाच अर्क, तेच औषध, पण पठ्ठे लगेच पालथे होऊन मिशा साफ करायला लागत. तिने उंदीर बदलले, घड्याळ बदललं, सगळं करून पाहिलं. शेवटी सर म्हणाले, "पहिला निकाल योगायोगाचा असणार. पीएच.डी.ची समिती तपासायला येईपर्यंत जमलं नाही, तर विषय बदला." इतक्या वर्षांनी विषय बदला म्हणजे घर बांधून झाल्यावर प्लॉट बदला. ती घरी येऊन न जेवता बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्रयोगशाळेत शिरली, तर कारकून तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले, सर जांभया देतायत आणि पिंजऱ्यात सगळे उंदीर टक्क जागे. तिला हसू आलं. मग ते मध्येच थांबलं.

कारकून तसे कुठेही झोपत, हे खरं. तरी तिने ओव्हनमधली चिमूटभर पानं चुरून नाकाला लावली. जुन्या वर्तमानपत्राइतकाही वास नाही. तशीच उठून घरी गेली, खाटेखालून मागे राहिलेलं गाठोडं ओढलं, एक पान चुरलं, आणि वास थेट डोक्यात गेला.

झोप लांबवणारं औषध पानांतल्या उडून जाणाऱ्या तेलात होतं. सगळा मजला ज्याचं कौतुक करत होता, तो घमघमाट म्हणजे तिची पीएच.डी. होती आणि ती रोज खिडकीतून बाहेर चालली होती.

"सर, पाला घरीच वाळवते."

"का? ओव्हन वाईट आहे?"

"नाही, फार चांगला आहे. पाण्याबरोबर औषधही काढून घेतो."

सरांनी दोन्हीकडची पानं हुंगली. बराच वेळ हुंगली. "समितीला काय सांगायचं? खाटेखाली?"

"सावलीत, खेळत्या हवेत, असं लिहू."

घरी आईने गाठोडं पाहिलं. "आलं का जंगल परत?" म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली.

उंदीर झोपले. एक तर इतका, की तिने घाबरून त्याच्या पोटाला कान लावला. समितीने मान डोलावली, पदवी मिळाली, तेव्हा आई म्हणाली, "अर्धी माझी. मी तिच्यावर झोपले होते."

पुढे तिने तेलातलं नेमकं रसायन वेगळं केलं, ते मेंदूत कुठे जाऊन बसतं तेही शोधलं. त्याची गोळी मात्र कधी निघाली नाही. फार दिवस दिलं की यकृताला त्रास होतो, हेही तिनेच सिद्ध करून तिनेच छापलं. तो ओव्हन अजून आहे. केंद्रातली नवी संशोधक मुलं त्यात डबे गरम करतात.

आई गेली. खाटेवर आता पालाबाई झोपते. सून म्हणते, "आई, ही करकरणारी खाट काढून टाकू या ना." पालाबाई ऐकू न आल्यासारखं करते. झोप येत नाही तेव्हा खाली वाकून एकदा हुंगते. उडून जाणारं तेल इतकी वर्षं टिकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. तरी वाकते.